खिडकीतले पाटकर साहेब

पाटकर साहेब रडणाऱ्या बाईकडे बघायचे नाहीत. खिडकीतून पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचे नि बोलायचे, "आधी रडून घ्या, मग बोला. कागद भिजतो." घाटकोपरला कामगार विम्याचं ऑफिस होतं, तिथे बसायचे. कामावर हात गेला, पाय गेला, माणूसच गेला, की ह्यांच्यासमोर उभं राहायचं.

ऑफिस आधी पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मग मोठी बिल्डिंग झाली, लिफ्टवाली. लिफ्ट कायम बंद, नि पाय तुटलेल्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. साहेब बोलायचे, "जो चढला तो धडधाकट, त्याला कशाला पैसे? नि नाय चढला तो गैरहजर." हसत नव्हते हां. आता म्हणे सगळं मशीनवर झालंय. अंगठा तुटलेल्यालाही अंगठा लावायला सांगतात.

माझा नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात होता. क्रेनची साखळी तुटली, लोखंड अंगावर आलं, जागच्या जागी गेला. पोरगी माझ्या कडेवर. कंपनीने लिहून दिलं, त्या टायमाला तो चहा पीत होता. साहेब वाचून बोलले, "बाई, चहा पिणं हे काम नाय. कामावर मेला असं धरता येत नाय. पेन्शन बसणार नाय."

मी रडले नाय. रडून झालं होतं. त्यांच्या टेबलावर कप होता.

"साहेब, तुम्ही आत्ता काय पिताय?"

"चहा."

"मग तुम्ही आत्ता कामावर नाय?"

मागची लाइन हसली. एक म्हातारा ओरडला, "अगं, चहा नाय पीत तेव्हा पण ते कामावर नसतात!"

साहेबांनी कप खाली ठेवला. माझा कागद घेऊन वर मोठ्या साहेबाकडे गेले. शिपायाने नंतर सांगितलं, वर जाऊन बोलले, "हिला नाय म्हणायचं तर आधी आपल्या अख्ख्या ऑफिसचा पगार कापा." खाली आले नि मला बोलले, "बसली पेन्शन. तोंड सांभाळा, बाई. दर खिडकीत पाटकर नसतो."

पोरगी त्या पेन्शनवर शिकली. माझ्या मागून आणखी दोघी आल्या. एकीचा नवरा डबा खाताना गेला, दुसरीचा विडी ओढताना. साहेबांनी दोघींची पेन्शन बसवली. बोलले, "चहाचं चाललं, मग विडीने काय पाप केलंय?"

परवा साहेब वारले. आम्ही तिघी मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. मुलगा ओळखेना. "तुम्ही बाबांच्या ऑफिसातल्या काय?"

"हो रे बाबा," मी बोलले. "खिडकीच्या बाहेरच्या."