टोपीवर टोपी

आमच्या घरात दोन गोष्टी कुणी मुद्दाम साठवत नाही, तरी साठतात. एक टोप्या आणि दुसरे टोप्यांचे किस्से. दिवाळीच्या साफसफाईत आई माळ्यावरून एक गाठोडं खाली टाकते, त्यातून एखादी टोपी बाहेर पडते, आणि झालं! झाडू बाजूला राहतो, चहा टाकला जातो. मी शाळेत शिक्षिका आहे. यातले एक-दोन किस्से स्टाफरूममध्ये सांगून बसले, तर आता मधल्या सुट्टीत मला कुणी धड डबा खाऊ देत नाही.

आधी नाना. नाना म्हणजे माझे वडील. उरणच्या अलीकडचं आमचं गाव. एकेकाळी चहूबाजूंनी मिठागरं होती, आता चहूबाजूंनी कंटेनर. एवढं सगळं हललं, पण नानांच्या डोक्यावरची पांढरी टोपी काही हलली नाही. सकाळी आंघोळ झाली की चढते, ती झोपताना उतरते, तीही दिवा मालवल्यावर. आई सोडली तर त्यांचं उघडं डोकं आमच्यापैकी कुणीच बघितलेलं नव्हतं. लहानपणी दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मला सांगायचा, "नानांना केस नायतच. तिथं टोपीच उगवलीय!"

मी बरीच वर्षं ते खरं मानत होते.

* * *

आमच्याकडे लग्नात टोपीचा मान असतो. लग्न लागायच्या आधी माइकवरून आळीतल्या घरांची नावं ओळीने पुकारतात. त्या त्या घरातला कर्ता पुरुष पुढे येतो. त्याच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. टोप्या घाऊक आणलेल्या, सगळ्या एकाच मापाच्या, त्यामुळे कुणालाच न बसणाऱ्या. नाना तर स्वतःची टोपी काढतच नाहीत, मानाची टोपी ते आपल्या टोपीवरच ठेवून घेतात. मांडवात दुमजली टोपी दिसली की समजायचं, नाना आले.

या टोप्या घरी येऊन पडतात आणि पुढच्या लग्नात आई त्या गुपचूप पुढे सरकवते. सगळ्याच घरच्या बायका हेच करतात, पण बोलत कुणीच नाही. एकदा आईने हळदीचा बारीक डाग पडलेली टोपी मामाच्या घरच्या लग्नात खपवली. पावसाळा गेला, तुळशीचं लग्न झालं, पुन्हा लग्नसराई आली आणि तीच टोपी डागासकट नानांच्या डोक्यावर परत! आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नानांनी टोपी हातात घेतली, डाग निरखला आणि म्हणाले, "हिनी माजेपेक्षा जास्त लग्ना जेवलीत!"

* * *

मग नानांना बसणारी टोपी येते कुठून? तर बायआत्याकडून. ही नानांची मोठी बहीण. नाना तिला बाय म्हणतात, म्हणून आम्ही बायआत्या. आमच्या दोन घरं पलीकडे एकटीच राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, फार लवकर गेले, मूलबाळ नाही. नानांची आई वारल्यावर त्यांना हिनेच वाढवलं. दिवसा मिठागरावर राबायची आणि घरी येऊन शिवण घेऊन बसायची. नानांच्या सगळ्या टोप्या तिच्या हातच्या, आणि आमच्या घराण्यातल्या प्रत्येक बाळाचं पहिलं टोपडंही तिचंच, जुन्या मऊ लुगड्याचं.

दादाची परी पनवेलच्या हॉस्पिटलमध्ये झाली, तेव्हा वहिनीने ऑनलाइन टोप्यांचा अख्खा सेट मागवला होता. ससा, अस्वल, कान असलेल्या, गोंडे असलेल्या. एकही बसेना! परीचं डोकं आमच्या घराण्यासारखं, चांगलं भोपळ्याएवढं. घातली की टुण्णकन उडायची. बायआत्याने पिशवीतून टोपडं काढलं, घातलं, बंद बांधले. पोरगी शांत झोपली.

वहिनी म्हणाली, "आत्या, न बघताच माप कसं काय आलं?"

"डोका आपले घरचा हाय गो," आत्या म्हणाली. "मी काय आज बघतंय त्याला?"

* * *

दादा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला. नोकरी लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात कंपनीचं पिवळं हेल्मेट घालून ऐटीत बाइकवर घरी निघाला. नाक्यावर हवालदाराने अडवलं.

"हेल्मेट कुठाय?"

"साहेब, हे काय, डोक्यावर!"

हवालदार शांतपणे म्हणाला, "हे वरून कंटेनरचा डबा पडला तर. तू खाली पडलास तर काय?"

पावती फाडून दादा घरी आला, तर आत्याला त्या दंडाचं काहीच नाही. तिने हेल्मेट उलटं करून आत हात फिरवला. "पोरांच्या डोक्याला घाम येत असंल रे यात." दुसऱ्या दिवशी आत घालायला सुती टोपी तयार! चार दिवसांनी दादा परत आला तो ऑर्डर घेऊनच. अख्ख्या शिफ्टला तशी टोपी हवी होती. आत्याने सगळ्यांना शिवून दिली. वर दादालाच दम दिला, "पैसं घेशील कोनाकडून तर याद राख!"

* * *

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मांडवात टोपीचा मान पुकारताना नावं घरांच्या ओळीने येतात. आमचं घर, मग शेजारचं, मग... बायआत्याचं घर गाळून थेट त्याच्या पुढचं. घरात पुरुष नाही, तर टोपी ठेवणार कुणाच्या डोक्यावर? मुद्दाम कुणी करत नाही. माइकवाल्या हरेशकाकाची जीभच तशी वळलेली. पण मी बघितलंय. आत्या बायकांच्या पहिल्या रांगेत बसलेली असते. शेजारच्या घराचं नाव आलं की तिची मान थोडी वर होते. पुढचं नाव आलं की ती पदर सारखा करायला लागते. प्रत्येक लग्नात, प्रत्येक वेळी. मला तेव्हा माइकची वायर उपटून टाकावीशी वाटते!

मागे आम्ही सगळे हरिहरेश्वरला गेलो होतो. देवदर्शन झाल्यावर पोरं पाण्यात. मी आत्याला शोधायला निघाले, तर ती टोप्यांच्या टपरीसमोर उभी. पुरुषांची एक गोल हॅट डोक्यावर ठेवून टपरीच्या आरशात बघत होती. मी तिथंच थांबले.

टपरीवाला म्हणाला, "घ्या की आजी, मस्त दिसते!"

"घेऊन कोनाला देव?"

"कुणाला कशाला? तुम्हीच घाला!"

आत्या हसली. हॅट काढली, तिच्यावरची वाळू पदराने पुसली आणि होती तिथे ठेवून दिली. मी पुढे गेलेच नाही, मागच्या मागे वळले.

* * *

परीच्या पाचव्या वाढदिवसाला वहिनीने कागदी टोप्या आणल्या, त्या इलॅस्टिकवाल्या, शंकूसारख्या. परीचा हुकूम सुटला, सगळ्यांनी घालायची! आईने घातली. नानांनीही घातली, अर्थात पांढऱ्या टोपीवरून. देवळाच्या कळसासारखे दिसत होते. बायआत्या मात्र हात मागे घेऊन बसली.

"मना नको गो बाय. टोपी पुरुसाची."

परी पाच वर्षांची. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग मी काय पुरुस हाय?"

सगळे हसले, आत्याही हसली. नाना तेवढे हसले नाहीत. कळस डोक्यावर तसाच ठेवून ते बराच वेळ आत्याकडे बघत होते.

* * *

आणि आता पिंकीचं लग्न. पिंकी माझी धाकटी बहीण, म्हणजे घरातलं शेवटचं लग्न. महिनाभर आधी मी नानांना म्हटलं, "या लग्नात आत्याचं घर पुकारायचं. मांडव आपला आहे."

"रीत न्हाय तशी," नाना म्हणाले. "पुकारून देनार काय तिला? चार मानसात तिचाच हसा व्हईल."

मी चिडले, आवाज चढवला. ते टोपी सारखी करत ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर विषय निघाला नाही, आणि आमचं धड बोलणंही झालं नाही.

लग्नाच्या दिवशी आमच्या घरच्या सगळ्या पुरुषांना फेटे बांधले. नानांनी नको म्हटलं, नवी पांढरी टोपी घातली. आत्यानेच शिवलेली, इस्त्रीची. हरेशकाकाने माइक हातात घेतला. आमच्या मामापासून सुरुवात झाली, मग आळीतली घरं. शेजारचं नाव आलं. आत्याची मान वर झाली. मला बघवेना, मी खाली बघायला लागले.

हरेशकाकाने पुढच्या घराचं नाव घेतलं.

"थांब रं हरेश," नानांचा आवाज आला. "मधला घर राहिला."

नानांनी माइक घेतला. त्यांनी आत्याचं पूर्ण नाव पुकारलं, काकांच्या नावासकट. आत्या जागची हलेना. शेजारणींनी तिला हाताला धरून उठवलं. ती पुढे आली, पण परातीतल्या टोप्या मोजून आणलेल्या, घरटी एक. तिच्या घराची टोपी आणलेलीच नव्हती. हरेशकाका नुसताच परातीकडे बघत राहिला.

आत्या हळूच म्हणाली, "जाव दे ना रं. नाव घेतलास, पावला मना."

नानांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी तिच्या डोईवरच्या पदरावर ठेवली.

कपाळाची खालची बाजू उन्हाने रापलेली, वरची एकदम गोरी, आणि चापून बसलेले थोडेसे पांढरे केस. असे नाना मी पहिल्यांदा बघत होते. माझ्या बाजूला दादा उभा होता. त्याचे डोळे गळत होते, आणि तशातच माझ्या कानात म्हणाला, "निघते गं ती!"

टोपी आत्याला अगदी बरोबर बसली. तिने ती कानांवर जरा खाली ओढली, नारळ घेतला आणि पहिल्या रांगेत जाऊन ताठ बसली.

नाना दिवसभर तसेच उघड्या डोक्याने वावरले. पाहुण्यांना भेटले, पंगतीत वाढायला उभे राहिले. संध्याकाळी फॅमिली फोटोसाठी सगळे स्टेजवर चढलो, तर फोटोग्राफर कॅमेरा खाली करून म्हणाला, "काका, टोपी घाला ना! अल्बममध्ये तुम्ही ओळखू येणार नाही."

"माजी टोपी आज बायनी घातलीय," नाना म्हणाले. "आधी तिचा फोटू काढ."