पोपनं न बोलावलेली परिषद

पैठणच्या एसटीत शेजारी चर्चच्या एक सिस्टर बसल्या होत्या. हातगाडीपासून उभं केलेलं माझं भांड्याचं दुकान मागच्या गल्लीत हलवायचा ठराव व्यापारी संघटनेनं परस्पर केला होता. तो राग मी फोनवर भावावर काढत होतो. सिस्टर संत्र्याचा एकेक धागा सोलत ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

"ठरावाच्या वेळी तुमचे अध्यक्ष कुठं होते?" त्यांनी विचारलं.

"जालन्याला, लेकीकडं. त्यांना कळवलंच नाय."

"आमच्याकडं जगभरचे बिशप परिषदेला येतात, भांडतात, मत देतात. पण परिषद पोपनंच बोलवायची आणि ठरावही त्यांनीच मान्य करायचा. नाहीतर त्या नुसत्या गप्पा."

"तुम्हाला मत असतं?"

"नाही. म्हणून तर नियम पाठ आहेत."

आमच्या संघटनेचा नियमही तसाच निघाला: बैठक अध्यक्षांनीच बोलवायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर, जालन्याहून परतलेल्या अध्यक्षांना विचारलं, "साहेब, तुम्ही बोलावलीच नाय, ती बैठक व्हय? का चहापाणी?"

अध्यक्ष परस्पर बैठक घेणाऱ्यांवर लई भडकले. ठराव तिथंच रद्द झाला. त्या बैठकीत हात वर करणारे सगळे खाली मान घालून उभे होते. मी त्यांच्यासमोरून सावकाश गेलो आणि शटर दणक्यात वर केलं.