अंदाजाने लिहिलेली उडी

"तू भिंतीला हात लावू नकोस. हवेतच उडी मार. मी अंदाजाने लिहितो."

व्यायामाचे सर मला असं म्हणाले ते अकरा मुलांसमोर. माझी बोटं गेरूत बुडवलेली. हात वर करायच्या बेतात होतो. तसाच थांबलो. भिंत ज्यांची, त्या शेटचा मुलगा हसला. मी बोटं चड्डीला पुसली आणि हवेत उडी मारली.

महाडच्या आमच्या शाळेत बास्केटबॉल तेव्हा नवीन होता. दोन खांब, दोन लाकडी फळ्या, दोन कड्या. कडीपर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता, म्हणून सर उड्यांचा सराव घ्यायचे. पायरीवरून खाली उडी, पाय टेकले की लगेच वर. उकिडवं बसून वर. सावित्री नदीच्या वाळूत पोटऱ्या भरून येईपर्यंत उड्या. दर शनिवारी मोजणी. मैदानाला लागून त्या शेटच्या घराची मागची पांढरी भिंत होती. बोटं गेरूत बुडवायची, उडी मारायची, भिंतीवर ठसा. ज्यांचे ठसे वर, ते जिल्ह्याच्या सामन्यांना अलिबागला जाणार. मला जायचं होतं. मी समुद्र पाहिला नव्हता.

पहिल्या शनिवारी माझा ठसा सगळ्यांत वर. शेटच्या मुलाच्याही वर, चार बोटं. सोमवारी बघतो तर तेवढाच ठसा खरवडलेला आणि त्यावर शेण फासलेलं. बाकीचे अकरा जागच्या जागी. भिंतीपलीकडे त्यांचं देवघर होतं म्हणे.

आम्ही तुडील गावचे; शाळेसाठी मी महाडला राहायचो. वस्तीनं धर्म बदलला होता. माझा आजा चवदार तळ्याचं पाणी प्यायलेला माणूस. आणि मी त्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर हवेत उड्या मारत होतो. लाज वाटायची. त्यांची नव्हे, माझीच.

सर वाईट नव्हते. हेच जास्त दुखतं. "समजून घे रे. भिंत त्यांची आहे, मैदानही त्यांनीच दिलंय," म्हणायचे. मग वहीत लिहायचे. शेटच्या मुलापेक्षा एक बोट कमी. दर शनिवारी एक बोट कमी. कशावरून, हे मी विचारलं नाही. विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं.

पुढे तर माझी उडी खरंच कमी झाली. वर गाठायला काही नसलं की माणूस अंग राखून उडतो. मी दमलो होतो. वहीतलं माप खरं असेल, असं मलाच वाटायला लागलं.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो. घरामागे फणस होता. खालच्या फांदीच्या टोकाचं एक पान मी धरलं नजरेत आणि रोज त्याला उड्या मारू लागलो. आई ओरडली, "आता फणस नाय लागलेत रे. वर काय हाय?"

"पान हाय," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी पान तुटून हातात आलं. मी एक बांबू फांदीला उभा लावला आणि पानाच्या देठाशी कोयत्यानं खूण केली. तो बांबू खांद्यावर टाकून महाडला आलो. मैदानात कुणी नसताना भिंतीला लावला. माझी खूण शेटच्या मुलाच्या ठशाच्या वर, पाच बोटं. मी खाली बसलो. मला रडू आलं. मग संताप आला, आणि तो काही गेला नाही.

निवडीचा शनिवार. माझी पाळी आली. सर म्हणाले, "हवेत."

मी हललो नाही.

"सर, भिंतीवर मोजा. नायतर माझं लिहू नका."

"हट्ट करू नकोस. मी तुला राखीव म्हणून घेतोय. अलिबागला तर येशील."

नुसतं 'बरं' म्हटलं असतं तर समुद्र दिसला असता.

"नको," मी म्हटलं.

सरांनी नाव खोडलं. मुलं एस.टी.नं अलिबागला गेली. मी वर्गात बसलो. त्या खेळाला पुन्हा हात लावला नाही. वाईट वाटलं का? वाटलं. अजूनही वाटतं.

पुष्कळ वर्षांनी सर डेपोत भेटले. थकले होते. मीही थकलो होतो. माझा हात धरून म्हणाले, "तुझी उडी फार मोठी होती रे."

"किती होती, सर?"

त्यांनी दुसरा हात अंदाजाने हवेत वर केला. मी हात सोडवून घेतला.

तेव्हापासून, कचेरीत असो की पंगतीत, माझ्याबद्दल कुणी अंदाज बांधू लागला की मी त्याला तिथंच थांबवतो. सगळ्यांना जिथं मोजलंस, तिथंच मला मोज. माझ्या डोळ्यांदेखत. तेवढी छाती नसेल, तर माझं नाव तुझ्या वहीत घालू नकोस.