पडद्याकडं पाठ

काही माणसांकडं भांडणांचे किस्से साठतात, काहींकडं ऑपरेशनचे. माझ्याकडं क्रिकेटचे साठलेत, आणि मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. न कळणाऱ्याकडंच ते जास्त साठतात असं आता वाटायला लागलंय.

आळेफाट्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. शेजारी दत्ताचं गॅरेज. दत्ता बोरी बुद्रुकचा, शाळेपासूनचा दोस्त आणि मॅचचा वेडा. फाट्यावरच्या एका परमिट रूमवाल्यानं भिंतभर पडदा लावला, काचांना काळी फिल्म चिकटवली आणि पाटीवर ‘स्पोर्ट्स बार’ असं रंगवून घेतलं. तेव्हापासून मॅच असली की दत्ता मला ओढून नेतो. "एकट्यानं बघितली की गोड लागत नाय, राव."

पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत पार अंधार. पस्तीस-चाळीस माणसं एकाच भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी पडदा सोडून त्यांच्या डोळ्यांकडं बघत होतो. धंद्याची सवय. मधेच सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला आणि सोडलाच नाही. एकाचीही पापणी हलेना. शेवटी मलाच गुदमरायला लागलं.

सखाराम नावाचा वेटर आहे तिथं, साठीला आलेला. माझ्यापुढं शेंगदाणे ठेवत त्यानं हळूच विचारलं, "तुमाला मॅच कळत न्हाई ना?"

"नाही."

"मंग हिकडं या." त्यानं मला कोपऱ्यातल्या टेबलावर, पडद्याकडं पाठ करून बसवलं. "हितंच बसत जा. कुणीतरी मान्सांकडं बघाया पायजे."

"का?"

"मी एकटा किती बघणार?" असं म्हणून तो ग्लास पुसत निघून गेला.

*

तिथं एक गिऱ्हाईक यायचं, कायम कानात इअरफोन घातलेलं. हा माणूस उसासा टाकायचा, आणि चार सेकंदांनी सगळा हॉल उसासा टाकायचा. हा हसायचा, मग सगळे टाळ्या वाजवायचे. मला कसंसंच व्हायचं. दत्तानं समजूत घातली, "आरं, त्याच्या मोबाईलवर कॉमेंट्री आधी येती. टीव्ही मागं असतो." मी निर्धास्त झालो.

एकदा तो माझ्याच टेबलाला बसला. "गेला," असं पुटपुटला, आणि चार सेकंदांनी सगळे हळहळले.

मी कौतुकानं विचारलं, "कुठलं ॲप आहे?"

त्यानं खिशातून वायर बाहेर ओढली. टोकाला नुसती पिन लोंबत होती.

"मोबाईल कवाच इकला," तो म्हणाला. "पण कान उघडे ठेवले की लई आवाज येत्यात, भाऊ."

*

एका मॅचला ऐन रंगात लाइट गेली. पडदा काळा. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. कुणी हललंसुद्धा नाही. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात सगळे त्या काळ्या भिंतीकडं तसेच बघत राहिले. मिनिटभरानं सगळेच्या सगळे ओरडत उठले, एकमेकांना मिठ्या मारायला लागले. तेवढ्यात लाइट आली. पडद्यावर नुकत्याच मारलेल्या सिक्सरचा रिप्ले चालू होता.

बाहेर आल्यावर मी दत्ताला विचारलं, "तुम्हाला अंधारात कळलं कसं?"

दत्ता माझ्याकडं बघतच राहिला. "लाइट कवा गेली व्हती?"

*

एक मेंढपाळ बाबा पाणी भरून घ्यायला आत आले. मेंढरं बाहेर रस्त्याकडेला उभी होती. सखाराम बाटली भरेपर्यंत बाबा दारात थांबले आणि आमच्याकडं बघून त्यांचं बोट हलायला लागलं. दोन, चार, सहा.

"काय मोजताय, बाबा?" सखारामनं विचारलं.

"सवय हाय. कळप दिसला की बोट चालतं." मोजून झाल्यावर म्हणाले, "चाळीस."

सखाराम हसला. "खुर्च्या चाळीस हायत. पण दोन मोकळ्या हायत की."

बाबांनी परत एकदा सगळीकडं नजर फिरवली. "कोणत्या?"

सखाराम दाखवायला वळला आणि त्याचा हात अर्ध्यातच थांबला. त्यानं बाटली दिली. त्या दिवशी त्या दोन खुर्च्यांवर त्यानं कुणाला बसू दिलं नाही.

मला त्या मोकळ्याच दिसत होत्या. तरी दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी स्वतःच्या डोळ्यांचा नंबर तपासला.

*

मागच्या एका रविवारी हॉल गच्च होता. माझा कोपरा गेला आणि मला दत्ताशेजारी, पडद्याकडं तोंड करून बसावं लागलं. मॅच परदेशातली होती, लाइव्ह. खेळ कळत नाही म्हणून मी स्टेडियममधली माणसं बघत बसलो. कॅमेरा गर्दीवरून फिरत होता. सगळे मैदानाकडं बघत होते. एकच माणूस सरळ आमच्याकडं बघत होता. डाव्या भुवईतून गेलेला जखमेचा व्रण. मी त्याला ओळखलं.

तो बाळू होता, दत्ताचा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी दोघांचं भांडण झालं. दत्तानं त्याच्यावर हात उचलला आणि म्हणाला, "परत तोंड दाखवू नगो." बाळू त्याच सकाळी घरातून गेला. पुढं कुठूनच काही कळलं नाही. दत्ता हे नाव कधी काढत नाही.

मी दत्ताचा दंड धरला. तो आधीच उभा राहिला होता. "दादा," एवढंच म्हणाला. त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. कॅमेरा पुढं सरकला.

दत्तानं घरी फोन लावला. आई उचलेना. आम्ही मोटरसायकल काढली. थेट बोरीला गेलो.

अंगणात ऊन होतं. आई नळाजवळ भांडी घासत बसली होती. बाजूला एक उष्टं ताट होतं आणि ताटाच्या कडेला मिरचीची तीन देठं नीट ओळीनं मांडलेली होती. पोटाच्या दुखण्यामुळं आई मिरचीला शिवत नाही. दत्ता त्या देठांकडंच बघत होता.

"कोण आलं व्हतं, आई?"

"बाळू." तिनं मान वर केली नाही. "पोटभर जेवला. तुझ्यावर राग न्हाई म्हणला."

दत्तानं घरात डोकावून बघितलं. "मंग गेला कुठं?"

आईनं ते ताट उचलून नळाखाली धरलं.

"थांब म्हणलं, तर थांबला न्हाई. म्हणला, दत्ता मॅच बघतोय, त्याला म्या तिकडं दिसाया पायजे."