वडिवळ्याची खरवड आणि पोर्ट

लोणावळ्याच्या तुंगार्लीहून निघालो तेव्हा माझे गुडघे आदल्या दिवशीच्या चढावरच राहिले होते. "जरा पाय मोकळे करू," म्हणत दिनूने मला तलावाभोवती फिरवलं, आणि पाय इतके मोकळे झाले की ते माझे आहेत असं वाटेना. दिनू माझा कॉलेजातला मित्र. तुंगार्लीतला बंगला तो पर्यटकांना भाड्याने देतो आणि स्वतः मागच्या खोलीत साहेबासारखा राहतो. गाडीत बसताना त्याने माझ्या मांडीवर एक काळी बाटली ठेवली.

"सरळ धर. तान्हं बाळ समज."

बाळ पोर्ट वाइनचं होतं, आणि वयाने चांगलंच जून. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात ब्रँडी ओततात. आंबणं थांबतं, साखर मागे उरते. म्हणून ही लाल वाइन गोडही आणि कडकही. जुन्या बाटलीच्या तळाला गाळ बसतो. तो ढवळला गेला की पेल्यात चिखल. तेव्हा कामशेतपर्यंत मी लग्नाच्या फोटोतल्या नवरदेवासारखा ताठ बसलो. पुढे वडिवळ्याच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला कंबर माझी मोडली, बाटली मात्र हलली नाही.

धरणाच्या अलीकडे, भातखाचरांच्या कडेला सुनंदाताईंचं घर. बाई तळेगावच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. पहाटेची पाळी, परत यायला दुपार. आज त्यांनी रजा काढली होती. त्यांचं जेवण पसंत पडलं तर दिनू दर शनिवारी आपले पाहुणे इकडे जेवायला पाठवणार, आणि बाई कँटीन सोडणार. अट एकच : जेवणाचा शेवट पोर्टबरोबर जमला पाहिजे. दिनूला हा शेवट फार प्रिय.

ओसरीवर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. गाव त्यांना मावशी म्हणतं. मी बाळ त्यांच्या हाती सोपवलं आणि कंबरेवर हात ठेवून हुश्श केलं.

"टानिक हाय व्हय? माझ्या बाळंतपणात डाक्टरनं दिलतं असलंच," मावशी म्हणाल्या, आणि औषधाची बाटली हलवावी तशी ती त्यांनी दोन्ही हातांनी खळखळून हलवली.

दिनू खांबाला टेकला.

"हलीवल्याबिगर औशद लागू पडत न्हाई, भाऊ," मावशींनी त्याला समजावलं.

सुनंदाताईंनी चक्का बांधायचं धुतलेलं फडकं आणलं. त्यातून गाळून पोर्ट काचेच्या बरणीत उतरली, स्वच्छ, पिकल्या जांभळाच्या रंगाची. श्रीखंडाच्या फडक्यातून पोर्ट! मला फार आनंद झाला. दिनूला झाला नाही.

जेवण सुरेख होतं : गावठी कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा मऊ भात. मी उतावीळपणे रश्श्यावर पोर्टचा घोट घेतला. मिरचीवर मद्य पडलं आणि कानांतून धूर निघाला.

"शेवटाला म्हटलंय, गाढवा," दिनू म्हणाला.

शेवटाला गूळ घातलेली तांदळाची खीर आली. दिनूने चमचाभर खाल्ली, घोट घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. मीही घेतला. खिरीच्या गोडीपुढे पोर्ट आंबट लागत होती, कोकमाच्या पाण्यासारखी. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की असंच होतं.

"न्हाई जमलं ना?" सुनंदाताईंनी विचारलं. त्या पदराच्या टोकाला उगीच पीळ घालत राहिल्या. "मग उद्या पाळीवर जाते मी."

तेवढ्यात आतून खर्र खर्र आवाज आला. मी गुडघ्यांची माफी मागत उठलो आणि आत डोकावलो. मावशी चुलीपाशी बसून शिंपल्याने खिरीचं पातेलं खरवडत होत्या. तळाला करपून चिकटलेली साय आणि तांदूळ, म्हणजे खरवड.

"मला द्या की थोडी."

"पावण्याला खरवड? लोक काय म्हंतील!"

मी हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही. अखेर चिमूटभर मिळाली. खमंग, किंचित कडू, मिठाचा कण लावलेली. आणि गोड? जवळजवळ नाहीच. दूध नासू नये म्हणून इथे गूळ खीर दुसऱ्या भांड्यात काढल्यावरच घालतात. मी ओसरीवरून पेला आणून घोट घेतला आणि ओरडलो, "दिनू!"

त्याने खाल्ली, घोट घेतला, डोळे मिटले.

"दर शनिवारी हीच," तो म्हणाला.

"माझ्या जित्तेपणी न्हाई," मावशी म्हणाल्या. "पावण्याच्या ताटात खरवड जायची न्हाई."

"आत्या, माझी पाळी सुटंल की वो!" सुनंदाताई सासूपुढे काकुळतीला आल्या.

मावशी शिंपला खाली ठेवून विचारात पडल्या. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "ज्याला पायजे त्यानं हितं येऊन भुईवर बसावं. चुलीम्होरं बसला त्यो पावणा न्हाई, घरचा. घरच्याला देईन."

दिनूचे गुडघे माझ्याहून वाईट. तरी भिंतीला धरून, कण्हत, तो चुलीपुढे मांडी घालून बसला. मावशींनी उरलेली खरवड त्याच्या तळहातावर ठेवली.

"उद्याच कँटीनला सांगते," सुनंदाताई म्हणाल्या आणि पातेलं विसळायला घेऊन गेल्या. बाहेर त्या हसताना ऐकू आल्या.

संध्याकाळी कामशेतहून पुण्याची लोकल पकडली. अंगात एक हाड न दुखणारं नव्हतं. आयुष्यभर मी लोकांच्या बैठकीत बसलो, उत्तम बश्यांतून उत्तम ते खाल्लं, आणि मागे आतल्या खोलीत काय काय राहून गेलं असेल, याचा हिशेब आता कुठे लावणार?

बायकोने दार उघडलं. "कसा झाला पाहुणचार?"

"झालाच नाही," मी म्हटलं आणि चपला काढून थेट स्वयंपाकघरात जाऊन बसलो.