उतरवलेली कढई

वसमतच्या बसस्टँडवर उतरलो की अजून माझी नजर आधी त्या कोपऱ्याकडं जाते, जिथं ती मिरचीची भजी तळायची. नाव मी कधी विचारलं नाही. सगळेच मावशी म्हणायचे. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून गिऱ्हाईक बोललं की झारा थांबवून त्याच्या ओठांकडं बघायची. पुड्यात एक मिरची जास्तीची टाकून म्हणायची, "खा, लेकरा." मी पन्नाशीचा, तरी लेकरूच.

शेजारच्या देशात युद्ध पेटलं, त्या आठवड्यात एका पक्षाचा ऑटो भोंगा लावून स्टँडसमोर आला. "साहेबांच्या धाकानं शेजाऱ्याच्या घरात मुडदे पडले! पेढे खा!" दुसरा पक्ष मागं कसा राहील? त्यांनी फटाक्यांच्या माळा आणल्या. त्या गोंधळात मावशीनं गुमान शेगडी विझवून कढई खाली उतरवली.

पेढे वाटणारा कार्यकर्ता भजी मागायला आला. "काहून बंद केलं, मावशी?"

"शेजारी मयत झाली म्हणून राहिले ना तुमी? मयत असल्यावर कढई चढवत न्हाईत, बाबा. कोण गेलं?"

तो हसत सुटला. "अवं, गल्लीतलं न्हाई कुणी! शेजारच्या देशात!"

तिनं त्याच्या ओठांकडं बघत सगळं समजून घेतलं.

"मंग शेजारीच ना?" ती म्हणाली, आणि कढईवर ताट झाकलं.

आता तिथं दुसऱ्याचा गाडा आहे. भोंगा आला की मी त्याच्या कढईकडं बघत उभा राहतो. तेल कडकडतच असतं.