सात्त्विक भोजनालयाची पाटी

माझ्या सासऱ्यांचं माझ्याबद्दलचं मत लग्नाच्या दिवसापासून वाईट होतं. ते खरं करून दाखवायला मला सात वर्षं लागली.

मी शहापुरात पाट्या रंगवायचो. दोन हजार सालाच्या आसपास आतून उजळणाऱ्या पाट्या निघाल्या, तसा मीही ब्रश टाकून ट्यूबलाइटच्या मागे लागलो. (वायरिंग येत नव्हतं. पण ब्रश तरी कुठे येत होता!) सासरे धसईचे. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा नुसता वास आला तरी अंघोळ करणारे. त्यांनी आटगावजवळ हायवेला शाकाहारी खानावळ काढली आणि लेकीच्या हट्टापायी पाटीचं काम मला दिलं.

"जावयबापू, नीट करा. आमचं नाव हाय," एवढंच म्हणाले. मजकूर त्यांचाच: वर 'सात्त्विक भोजनालय', खाली 'दारू पिऊन येणाऱ्यांना प्रवेश नाही'.

पांढऱ्या अॅक्रिलिकवर लाल अक्षरं, आत आठ ट्यूबा. लावून पेटवली मात्र, दुसऱ्याच दिवशी रस्ते खात्याचे साहेब हजर!

"ही पाटी आहे की दुसरा सूर्य? ड्रायव्हरांचे डोळे दिपतात. नियमाप्रमाणे मागची जागा अंधारी पाहिजे. फक्त अक्षरं उजळली पाहिजेत."

उद्घाटन तीन दिवसांवर! पाटी उतरवून घरी आणली. उपाय सोपा होता: पाटीला आतल्या बाजूने काळा स्टिकर चिकटवायचा आणि अक्षरांपुरता ब्लेडने कापून काढायचा. सोपा म्हणजे सांगायला! आतून सगळी अक्षरं उलटी दिसतात. 'सात्त्विक' सरळ लिहिताना माणूस रडकुंडीला येतो, मी तो उलटा कापत होतो. दोन दिवसांत दहाही बोटांना चिंध्या! शेवटी माझी बायको सुरेखा ब्लेड घेऊन बसली आणि मी वायरींत डोकं घातलं.

"अवो, 'प्रवेश' झाला. आता काय कापू?"

"नाही!"

"बरं," म्हणाली आणि ब्लेड ठेवून भात लावायला गेली.

पेटवून बघावी तर भारनियमन. दिवसाउजेडी समोरून बघितली: आतला काळा स्टिकर दिसतच नव्हता, पाटी पांढरीशुभ्र, लाल अक्षरं जागच्या जागी. मी खूश! (मी खूश झालो की घरचे हल्ली घाबरतात.)

उद्घाटनाला धसईहून दोन टेम्पो भरून पाहुणे आले. साहेबही आले. दिवेलागणीला सासऱ्यांनी हात जोडून बटण दाबलं आणि काळ्याभोर पाटीवर अक्षरं काय झळकली!

"वा! अगदी नियमात," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. मग एकेक करून थांबल्या.

'सात्त्विक भोजनालय. दारू पिऊन येणाऱ्यांना प्रवेश.'

"सुरेखा! 'नाही' कुठंय?"

"तुमीच बोललात ना, काय कापायचं नाय!"

"अगं, 'नाही' कापायला सांगितलं होतं!"

"मग तेच केलं ना! नाय कापलं!"

मी पाटी बंद करायला धावलो. बटण खटकन दाबलं आणि सगळी खानावळ अंधारात गेली. पाटी चालूच! (वायरिंग माझंच.) आता मैलभर अंधारात दिसत होतं ते फक्त आमचं आमंत्रण. एक ट्रक थांबला. दोन ड्रायव्हर एकमेकांना सावरत उतरले.

सासरे दारात आडवे आले. "चला, बाहेर! पाटी वाचा!"

"वाचूनच आलो, काका!"

दुसरा छातीवर हात ठेवून म्हणाला, "आमी नियमात हाय. पिऊनच आलोय!"

मी पाटीवर गोणपाट टाकलं तोवर आणखी तीन ट्रक लागले होते. पाहुणे न जेवताच टेम्पोत बसले. सासरे माळ मुठीत धरून बाकड्यावर बसून राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आत सुरेखा भाकऱ्या थापता थापता रडत होती, आणि त्या भाकऱ्या ड्रायव्हर मिटक्या मारत खात होते.

सकाळी शिडीवर चढून मी तो राहिलेला शब्द कापत होतो, तेवढ्यात मोटारसायकलवरून एक माणूस आला. मुरबाड रोडला त्याचा बार होता.

"काका, काल रात्री बघितली, काय पाटी हाय! माझ्या बारला शेम अशीच पायजे. हा कारागीर तुमचा कोण?"

सासऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"कोण नाय. पाटीवाला हाय."

मी वरून लगेच मान डोलावली. खरं सांगतो, भरून आलं. जावई म्हणून काढून टाकलं होतं, पण पाटीवाला तरी म्हणाले!